रक्ताची गोळी कधी, कॅल्शियमची कधी आणि ताटात काय?

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूर मंडलात गरोदर बाईच्या घरी गोळ्या कमीत कमी तीन वाटांनी येतात. पहिली वाट प्राथमिक आरोग्य केंद्राची: आशाताईंनी आणून दिलेल्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम. दुसरी वाट इचोडा किंवा आदिलाबादच्या खासगी दवाखान्याची, चकचकीत पाकिटातली आणि महागडी. तिसरी माहेरची. पाचव्या-सातव्या महिन्यात सीमेपलीकडे महाराष्ट्रात, किनवट-माहूरकडे गेलेली लेक येताना तिकडच्या सिस्टरने दिलेल्या आणखी गोळ्या घेऊन येते. मग उतरंडीजवळच्या फळीवर सगळ्यांचा ढीग लागतो आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. यातल्या कोणत्या घ्यायच्या? सगळ्या घेतल्या तर बाळ मोठं होऊन शिझर करावं लागतं, हे खरं का? अंगणवाडीत अंडं आणि दूध मिळतं, मग गोळी कशाला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ताट आणि गोळी यांतलं एक निवडायचं नसतं. ताटातून मिळतं ते गोळीत नसतं, आणि लोहाची जेवढी गरज या नऊ महिन्यांत पडते तेवढी आपल्या भाकरी-वरणातून भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत तेलंगणातल्या 53 टक्क्यांहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. महाराष्ट्रात सुमारे 46 टक्के. गोळ्या तर दोन्ही राज्यांत फुकट मिळतात. त्या घरापर्यंत पोचतातही. पण पुढे चहाबरोबर घेतल्या जातात, कॅल्शियमबरोबर घेतल्या जातात, नाहीतर आठ-दहा दिवसांत बंद होतात. म्हणून या लेखात जास्त जागा वेळेच्या हिशेबाला दिली आहे.

कोणती गोळी, कधीपासून

सरकारी कार्यक्रमात सगळ्या गरोदर बायकांसाठी ठरलेल्या गोळ्या एवढ्याच आहेत:

- फॉलिक अ‍ॅसिड, 400 मायक्रोग्रॅम, रोज एक. पहिले तीन महिने. खरं तर दिवस राहण्याच्या आधीपासूनच. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तोवर पाळी चुकल्याचं पुरतं लक्षातही आलेलं नसतं. मूल हवं असं ठरवलंत की आशाताईंकडे ही गोळी मागा. आधीच्या बाळाच्या पाठीत किंवा डोक्यात असा दोष असेल, किंवा तुम्हाला फिट्सचं औषध चालू असेल, तर डोस कितीतरी मोठा लागतो. तो डॉक्टरच ठरवतील.
- लाल गोळी, रोज एक. चौथ्या महिन्यापासून. हिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. गरोदरपणात कमीत कमी 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस.
- कॅल्शियम, रोज दोन. चौदाव्या आठवड्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. एका गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि थोडं ड जीवनसत्त्व. जेवणात कॅल्शियम कमी असलेल्या बाईला गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका असतो, तो यामुळे कमी होतो. हाडं आणि दात ही नंतरची गोष्ट.
- जंताची गोळी, अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, एकदाच. तीन महिने उलटल्यावर. शेतात अनवाणी जाणाऱ्या बाईने ही चुकवू नये. आकडीजंत आतड्याला चिकटून रक्त पितो, मग लाल गोळीचा फायदा अर्धाही उरत नाही.

याखेरीज कोणी काही लिहून दिलं तर "हे कशासाठी?" असं विचारायला लाजू नका. ब-12 कमी निघालं, थायरॉइड निघालं, साखर निघाली, तर जास्तीचं औषध लागतंच. नुसतं "ताकद येईल" हे कारण मात्र पुरेसं समजू नका.

दोन दवाखाने, तीच गोळी

खासगी दवाखान्याच्या पाकिटावर नाव वेगळं असतं, आतला माल बहुतेक वेळा तोच असतो. पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरांत फेरस सल्फेट, फेरस अ‍ॅस्कॉर्बेट किंवा फेरस फ्युमरेट लिहिलंय का ते घरातल्या शिकलेल्या पोराला वाचायला लावा. यांपैकी काहीही असलं तरी ती रक्ताचीच गोळी. लाल गोळी आणि ही, अशा दोन्ही घेतल्या तर लोहाचा डोस दुप्पट होतो. रक्त कमी असेल तर दुप्पट डोस योग्यही असतो, पण तो कोणीतरी तपासून सांगितलेला असावा; फळीवर दोन डबे आहेत म्हणून नव्हे.

सिरपचं तेच. तेलंगणात डिसेंबर 2022 मध्ये आदिलाबादसह नऊ जिल्ह्यांत गरोदर बायकांसाठी पोषण किट सुरू झालं. त्यात पौष्टिक पावडर, खजूर, तूप आणि लोहाच्या सिरपच्या बाटल्या होत्या. सरकार बदललं की किटचं नाव, त्यातला माल आणि वाटपाची पद्धत बदलते, म्हणून सध्या काय चालू आहे ते एएनएम सिस्टरना विचारा. किटमधून सिरप मिळालंच तर ते लाल गोळीच्या जागी की तिच्या जोडीला, हे सिस्टरकडून स्पष्ट करून घ्या.

दवाखाना कोणताही असो, जाताना सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. तोंडी नावं सांगण्यात गफलत होते. त्यातून तेलंगणातलं माता-बाल कार्ड तेलुगूत असतं, आणि मराठी शाळेत शिकलेल्या बाईला ते वाचता येत नाही. पिशवी मात्र कोणत्याही डॉक्टरला वाचता येते.

घरात नववी-दहावीतली नणंद असेल तर तिलाही शाळेतून निळी लोहगोळी मिळते. ती आठवड्याला एक असते, तुमची लाल रोजची. अदलाबदल होऊ देऊ नका. आणि दोन्ही डबे उंचावर, लहान मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवा. लाल गोळीवर साखरेचं कवच असतं, पोरांना ती चॉकलेटसारखी दिसते. चार-सहा गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. असं झालं तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा.

घड्याळ: कापूस वेचायला जाणाऱ्या बाईसाठी

नियम दोनच. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर. लोह आणि चहा यांच्यात एक तास, चहा आधी असो की नंतर. दूध, दही, ताक यांनाही कॅल्शियमचाच नियम. बाकी सगळं तुमच्या दिवसाप्रमाणे बसवा. दिवाळीनंतर वेचणीचा हंगाम चालू असेल, तर असं जमतं:

- सकाळी उठल्यावरचा चहा अगदी सुटत नसेल तर घ्या, पण रिकाम्या पोटी नको. सोबत भाकरीचा तुकडा असू द्या.
- शेतावर निघण्यापूर्वीची न्याहारी, भाकरी आणि वरण किंवा चटणी. जेवता जेवता पहिली कॅल्शियमची गोळी.
- दुपारची शिदोरी भाजी-भाकरीची. सोबत लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा ठेवा. आंबटातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. इथे चहा नको. बांधावर सगळ्यांसाठी चहा आला तर तुमचा कप तासाभराने.
- रात्रीचं जेवण, दुसरी कॅल्शियमची गोळी. शक्यतो दिवेलागणीनंतर लगेच.
- झोपताना, जेवून दोन तास झाल्यावर, लाल गोळी पाण्याबरोबर. पाण्यात लिंबू पिळलं तर उत्तम.

रात्रीची वेळ सुचवायला आणखी एक कारण आहे. गोळीने मळमळत असेल तर झोपेत ते जाणवत नाही.

सिस्टरने दोन लाल गोळ्या सांगितल्या असतील तर दुसरी सकाळच्या न्याहारीनंतर दोन तासांनी, शेतात असतानाच. पदराच्या गाठीत बांधून नेलीत तर घामाने ओली होते. छोट्या डबीत न्या. रंग उडालेली, चिकट झालेली गोळी टाकून द्या आणि नवीन मागा. पावसाळ्यात हे फार होतं.

पोट बिघडलं, शौचाला काळं झालं

काळं होणं ठीक आहे. लोहाचा जो भाग अंगी लागत नाही तो तसाच बाहेर पडतो, त्याचा हा रंग. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढवा, पालेभाजी आणि पेरू खा, भाकरी न चाळलेल्या पिठाची करा. मळमळ थांबतच नसेल तर आठवडाभर गोळी दुपारच्या जेवणानंतर लगेच घ्या. लोह थोडं कमी अंगी लागेल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा हे बरं. एवढ्यानेही भागलं नाही तर डॉक्टरांकडे दुसऱ्या प्रकारची लोहाची गोळी मागा. स्वतःच्या मनाने बंद करून सिस्टरला "हो, घेते" म्हणणं मात्र टाळा. कार्डावर शंभर गोळ्यांची नोंद आणि रक्त जिथल्या तिथे, असं दिसलं की डॉक्टर भलतीच कारणं शोधत बसतात.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्या चालू असताना लाल गोळी नसतेच. तेव्हा थोडं थोडं, दोन-दोन तासांनी, कोरडं खा: भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल तर सलाईन लागेल. त्यात दोन दिवस काढू नका.

रक्त किती, आणि कमी निघालं तर

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 किंवा त्याहून जास्त हवं. 10 ते 10.9 म्हणजे थोडं कमी, 7 ते 9.9 म्हणजे मध्यम कमी, 7 च्या खाली म्हणजे गंभीर. कार्डावरचा आकडा पाठ असू द्या, अगदी फोन नंबरासारखा.

समजा पाचव्या महिन्यात तुमचा आकडा 9.2 आला. रोज दोन लाल गोळ्या सुरू होतील आणि महिन्याने पुन्हा तपासणी. या महिन्यात आकडा साधारण एकाने वाढायला हवा. वाढला नाही तर "आणखी बीट खा" एवढ्या सल्ल्यावर समाधान मानू नका, पुढचे प्रश्न विचारा. गोळ्या चहाबरोबर तर गेल्या नाहीत? जंताची गोळी झाली का? सिकलसेलची तपासणी झाली का? ब-12 कमी तर नाही? शेवटचा प्रश्न माळकरी घरांतल्या बायकांनी आवर्जून विचारावा. ब-12 धान्यात, डाळीत, भाजीत नसतं. ते दूध-दही, अंडी, मांस-मासे यांतूनच येतं. ते कमी असेल तर लोहाच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी रक्त वाढत नाही, आणि वर पायाला मुंग्या येत राहतात.

गोळ्यांनी भागत नसेल, किंवा दिवस उरलेले थोडे असतील, तर शिरेतून लोह देता येतं. ते सरकारी दवाखान्यात फुकट आहे. 7 च्या खाली गेलेल्या बाईने बोथ किंवा उटनूरच्या मोठ्या दवाखान्यात, नाहीतर थेट आदिलाबादच्या रिम्समध्ये जावं. शेवटच्या तीन महिन्यांत एवढं कमी रक्त असेल तर भरती व्हावंच लागतं. बाळंतपणाच्या वेळी रक्त शोधत धावण्यापेक्षा ते आधी वाढवणं कधीही स्वस्त, आणि रक्तपेढी बाजारहत्नूरला नाही हे लक्षात असू द्या.

माती, खडू, चुलीचा पोपडा किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर ते डोहाळे म्हणून कौतुकाने घेऊ नका. अशी इच्छा बऱ्याचदा लोह कमी असल्याची खूण असते, आणि माती पोटात गेली की उरलंसुरलं लोहही अडतं.

सिकलसेल: एक तपासणी आधी

गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांत आणि मध्य भारतातल्या इतरही अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. 1 जुलै 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे आणि तपासणी फुकट होते. दोष निघाला तर तो दोन तऱ्हांचा असतो, आणि दोन्हींत गल्लत केली जाते.

वाहक असाल तर तुम्ही आजारी नाही. लाल गोळी, कॅल्शियम, सगळं इतरांसारखंच. आजार असेल तर लोहाची गोळी परस्पर सुरू करू नका. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात आणि त्यातलं लोह अंगातच साठू शकतं. ते कमी आहे असं रक्त तपासून कळलं तरच लोह देतात. फॉलिक अ‍ॅसिड मात्र जास्त लागतं, आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच.

तुम्ही वाहक निघालात तर नवऱ्याचीही तपासणी लगेच करून घ्या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि पुढचे निर्णय वेळेवर घ्यायचे तर ते पहिल्या तीन महिन्यांत कळायला हवं. "पोराला कशाला सुया टोचता" असं सासूबाई म्हणाल्या तर आशाताईंना मध्ये घाला.

ताटात काय

दोन जीवांचं दुप्पट जेवायचं नसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब दिवसाला साधारण 350 किलोकॅलरी जास्त असा आहे. म्हणजे एक जास्तीची भाकरी, एक वाटी वरण आणि वर काहीतरी. पण प्रथिनं बरीच जास्त लागतात: शेवटच्या तीन महिन्यांत नेहमीपेक्षा 22 ग्रॅम अधिक. हे 22 ग्रॅम इथल्या घरात कुठून यायचे?

- एक अंडं: 6 ग्रॅम
- पेलाभर दूध, 200 मिली: 6 ते 7 ग्रॅम
- मूठभर शेंगदाणे, 30 ग्रॅम: 7 ग्रॅम
- घट्ट वरणाची एक वाटी: 6 ते 7 ग्रॅम

यांतले पहिले दोन जिन्नस अंगणवाडी देते. उरलेले दोन तुमच्या घरात आहेत. पातळ वरण मात्र या हिशेबात धरू नका. ज्याच्या तळाशी ताटली दिसते ते वरण नव्हे, हळदीचं पाणी.

मंडलातल्या शिवारात सोयाबीन पोत्यांनी पिकतं आणि सगळंच्या सगळं बाजारात जातं. दोन पायल्या घरी ठेवा. रात्रभर भिजवून, उकडून, वाळवून, भाजून ज्वारीत मिसळा, नऊ भाग ज्वारीला एक भाग सोयाबीन, आणि एकत्र दळून आणा. भाकरी थोडी जड होते, थापता मात्र येते. कच्चं सोयाबीन दळू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उकडल्या-भाजल्यानेच जातो.

कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, कारळाची चटणी, शेवग्याचा पाला. शेवग्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला शेळीला घालतो. खरं सत्त्व पाल्यात जास्त. अंबाडी तर आपली रोजचीच. एक सावधगिरी: घोळ, पाथरी, तरोटा अशा भाज्या कपाशीच्या शेतातून खुडत असाल तर आधी विचारा, फवारणी कधी झाली. तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी ताटात नकोच. फवारणीच्या दिवशी तुम्ही त्या शेतातही जाऊ नका.

मोहफुलांचे लाडू उटनूरकडच्या आदिवासी बायकांनी तयार करून विकायला सुरुवात केली आहे, आणि ते चांगले असतात. वाळवलेली स्वच्छ फुलं, तीळ, शेंगदाणे, गूळ यांचा लाडू रोज एक खायला हरकत नाही. मोहाची दारू आणि शिंदी मात्र घोटभरही नको. "थोडी घेतली की कळा सोप्या जातात" हे सांगणाऱ्या बाईला बाळाची काळजी घ्यायची नसते.

मीठ आयोडीनचंच. चहा दिवसाला दोन कप, त्याहून जास्त नको. साखरेची तपासणी चुकवू नका. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी 140 किंवा त्याहून जास्त आलं, तर खजूर, गूळ, गोड पावडर, लाडू यांचा सगळा सल्ला बदलतो.

वजन सगळं मिळून 10 ते 12 किलो वाढावं. मुळातच सडपातळ असाल तर थोडं जास्त. चौथ्या महिन्यानंतर एखाद्या महिन्यात वजन हललंच नाही तर सांगा.

रेशनच्या तांदळातले वेगळे दाणे

तांदूळ निवडताना काही दाणे जरा पिवळसर, जरा गुळगुळीत दिसतात, पाण्यात तरंगतात. "प्लास्टिकचे" म्हणून ते वेचून फेकले जातात. ते तांदळाच्याच पिठाचे दाणे आहेत. त्यांत लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि ब-12 घातलेलं असतं, आणि शंभर दाण्यांना एक या प्रमाणात मिसळलेले असतात. फेकू नका. तांदूळ चार-चार पाण्यांनी धुऊ नका आणि पेज टाकू नका. घरात सिकलसेलचा किंवा थॅलेसिमियाचा रुग्ण असेल तर त्याच्यापुरतं डॉक्टरांना विचारा. हा तांदूळ खाल्ला म्हणून लाल गोळी सुटत नाही. त्यातलं लोह गोळीच्या मानाने थोडं असतं.

हे ऐकाल, मानू नका

*गोळीने बाळ मोठं होतं आणि शिझर होतं.* ही भीती कुठून येते ते समजतं. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातली 60 टक्क्यांहून अधिक बाळंतपणं शस्त्रक्रियेने झालेली आढळली, म्हणजे प्रत्येक घरात एक उदाहरण आहे. पण त्याची कारणं दवाखान्यांत, मुहूर्तांत आणि कळांच्या भीतीत आहेत. लोहाने बाळ अगडबंब होत नाही. कमी जेवून बाळ लहान ठेवलं तर ते अशक्त जन्मतं आणि मग कधी कधी काचेच्या पेटीतही ठेवावं लागतं.

*गोळीने बाळ काळं होतं.* रंग आईबापांचा येतो.

*डाळिंब आणि बीटने रक्त वाढतं.* रंग लाल, एवढंच. शंभर ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. डाळिंबात त्याहून कमी. गुळाच्या खड्यात, वीस ग्रॅम धरा, जेमतेम एक. लाल गोळीत साठ. डाळिंबाचे पैसे अंड्यांवर घाला.

*कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी प्या.* मोबाइलवर फिरतं. गोळी फुकट मिळत असताना चुन्याने तोंड आणि पोट पोळून घेण्याचं काही कारण नाही. मिशेरी, तंबाखू, गुटखाही बंद.

*ग्रहणात काही खाऊ-पिऊ नका.* साखरेच्या किंवा बीपीच्या बाईला तासन्‌तास उपाशी ठेवणं धोक्याचं आहे. घरात बसा, पण पाणी प्या आणि जेवा.

*कलेजीने रक्त वाढतं.* वाढतं, हे खरं. पण त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ती टाळलेली बरी. माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्यांचंही तेच.

तुमचा हक्क काय

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने, अंगणवाडीतून मोफत आहार मिळायला हवा. त्यासाठी रेशनकार्डाची अट नाही. तेलंगणात हे आरोग्यलक्ष्मी योजनेतून मिळतं, 1 जानेवारी 2015 पासून: अंगणवाडीत बसून एक वेळचं पूर्ण जेवण, अंडं आणि 200 मिली दूध. पलीकडे महाराष्ट्राच्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे.

बसूनच जेवायचं, ही अट मुद्दाम आहे. डबा घरी गेला की अंडं दीराच्या पोराच्या ताटात जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जेवणाची वेळ दुपारची, आणि वेचणीच्या दिवसांत तुम्ही तेव्हा शेतात. यावर उपाय अंगणवाडी टीचरशी आधी बोलून ठेवणं हाच: चार-पाच गरोदर बायकांनी मिळून वेळ मागेपुढे करून घेता येते का ते पाहा. एकटीने मागितलं तर अडचण वाटते, पाचजणींनी मागितलं तर वेळापत्रक होतं.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात. रक्त, लघवी, रक्तदाब, सगळं फुकट. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, रक्त, भरती असतानाचं जेवण आणि 102 ची गाडी हेही 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा. बहुतेक वेळा मागणी तिथेच थांबते.

अंडी महिनोन्‌महिने येत नसतील तर आधी टीचर, मग सुपरवायझर, मग बालविकास प्रकल्प अधिकारी (सीडीपीओ). तिथेही काही झालं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. ठरलेला आहार मिळाला नाही तर त्याबदली भत्ता द्यावा, असं याच कायद्याचं आठवं कलम म्हणतं. अर्जात ते कलम लिहा. पोषण अभियानाचा फोन 14408.

माहेरी जाताना

सासर तेलंगणात आणि माहेर नांदेड जिल्ह्यात, अशा बायकांचं नाव मधल्या मध्ये गळतं. दोन्हीकडच्या यादीत नाही, दोन्हीकडून गोळ्या नाहीत. निघण्यापूर्वी:

- अंगणवाडी टीचरला सांगून पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करून घ्या. दुसऱ्या राज्यातल्या अंगणवाडीतही नाव वळवता येतं.
- माता-बाल कार्ड, आधार, सोनोग्राफीचे आणि सिकलसेलचे कागद सोबत. तेलुगू कार्डावरचं हिमोग्लोबिन, रक्तगट, धनुर्वाताची इंजेक्शनं आणि शेवटच्या पाळीची तारीख एका कागदावर मराठीत उतरवून घ्या.
- दोन महिन्यांच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम मागून न्या.
- पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईंना भेटा. नवीन कार्ड दिलं तरी जुनं फाडू नका.
- पैशाची योजना एकाच राज्यात मिळते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर 6000 रुपये आहेत, पण फॉर्म भरण्यापूर्वी तो तुमच्या कोणत्या पत्त्यावर भरायचा हे अंगणवाडीत विचारा.

डोकं जड होणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, अंगावरून रक्त, चार पावलं चालून धाप, बाळाची हालचाल मंदावणं: यांतलं काहीही झालं तर सीमेच्या कोणत्या बाजूला आहात याचा विचार न करता जवळचा दवाखाना. 108 दोन्हीकडे लागतो.

आणि बाळंत होऊन सव्वा महिन्याने सासरी परताल, तेव्हा गोळ्या संपलेल्या नसतात. लाल गोळी बाळंतपणानंतर 180 दिवस, कॅल्शियम बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, आणि अंगणवाडीचं जेवणही तोवरच. परतल्या आठवड्यात बाळाच्या लसीची तारीख विचारायला जाल, तेव्हाच स्वतःच्या गोळ्या मागून घ्या.